फेरी तोट्यात आहे, म्हणजे नेमकं काय?

गावची एसटी फेरी बंद होते तेव्हा चौकशीला गेलेल्या सरपंचांना आगारातून ठरलेलं उत्तर मिळतं: भारमान नाही. गाडीतल्या जागांपैकी किती जागा तिकिटांनी भरल्या, त्याची ही टक्केवारी. तिच्या जोडीला दर किलोमीटरमागच्या उत्पन्नाचा आकडा असतो. हे दोन्ही खाली आले की फेरीवर गदा येते. गावाला त्यावर वाद घालता येत नाही, कारण आकडा खरा असतो. फक्त अपुरा असतो. माणसं आणि माल दोन्ही वाहू शकणाऱ्या गाडीची कामगिरी आपण केवळ बसलेल्या माणसांवरून मोजतो आणि त्याच मापावर ग्रामीण महाराष्ट्राच्या वाहतुकीचे निर्णय घेतो. हे माप बदलल्याशिवाय एसटीच्या भवितव्याची कुठलीही चर्चा पुढे जाणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एसटीने कधीच फक्त माणसं वाहिली नाहीत. वर्तमानपत्रांचे गठ्ठे एसटीने गेले. शिकायला शहरात राहिलेल्या मुलांचे जेवणाचे डबे एसटीने गेले. मागच्या शिडीवरून टपावर भाजीच्या पाट्या चढल्या, आंब्याच्या पेट्या चढल्या, कोंबड्यांच्या डालग्या चढल्या. मुक्कामी गाडी पहाटे गावातून निघायची ती शाळा-कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं आणि बाजाराचा माल अशा सगळ्यांना घेऊन. यातल्या मालाची नोंद मात्र ‘लगेज’ म्हणून किंवा पार्सलच्या वेगळ्या व्यवहारात झाली. फेरीच्या कामगिरीत तिला कधी मानाचं स्थान मिळालं नाही.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीत प्रवासी नाहीसे झाल्यावर, महामंडळाने जुन्या बसगाड्यांचे मालट्रक करून मालवाहतूक सुरू केली. अडचणीच्या काळात ते योग्यच होतं. पण त्यातून असा समज पक्का झाला की माल हा वेगळ्या गाडीचा, वेगळ्या खात्याचा विषय आहे. वाडीवस्तीवरून तालुक्याला जाणाऱ्या, अर्ध्या रिकाम्या प्रवासी गाडीत जी जागा रोज वाया जाते, तिचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

हा हिशेब सोपा नाही, हे आधी कबूल करायला हवं. गाडी एक, चालक एक, डिझेल एक, आणि कामं दोन. मग खर्च कुणाच्या नावावर टाकायचा? समजण्यापुरते काही आकडे धरू. एका फेरीचा खर्च ३,६०० रुपये आहे. वीस प्रवासी आहेत आणि त्यांच्याकडून २,२०० रुपये मिळतात. त्याच फेरीत अर्धा टन माल घेतला, त्याचे ५०० रुपये आले आणि चढउतार, थोडं जास्त डिझेल, थोडा जास्त वेळ यांपायी खर्च १५० रुपयांनी वाढला. आता एकूण खर्च ३,७५० आणि उत्पन्न २,७००, म्हणजे तोटा १,०५० रुपये. माल नसता तर तोटा १,४०० असता. मालामुळे तोटा ३५० रुपयांनी कमी झाला, इतकं उघड आहे.

पण हिशेबनीस वजनाच्या प्रमाणात खर्च वाटायला बसला तर काय होतं ते पाहा. वीस प्रवाशांचं वजन माणशी साठ किलोप्रमाणे १,२०० किलो, माल ५०० किलो. म्हणजे ३,७५० पैकी सुमारे १,१०० रुपये मालाच्या नावावर येतात. मालाने मिळवले ५००. कागदावर मालवाहतूक ६०० रुपये तोट्यात! बैठकीत कुणीतरी म्हणतं, आपलं मुख्य काम प्रवाशांचं, हे तोट्याचं काम कशाला? माल बंद होतो. सहाशे रुपये वाचतील अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात तोटा साडेतीनशेने वाढतो. मग प्रवाशांचा हिशेब आणखी वाईट दिसू लागतो आणि फेरीच बंद करण्याचा प्रस्ताव येतो. यात कुणी लबाडी केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे बेरीज-वजाबाकी बरोबर केली आहे. चूक आहे ती सामायिक खर्चाच्या वाटणीलाच निर्णयाचा आधार मानण्यात.

माल घ्यावा की नाही, हे ठरवताना एकच प्रश्न योग्य आहे: माल घेतला नाही तर कोणता खर्च खरोखर टळेल? तो खर्च मालाच्या उत्पन्नापेक्षा कमी असेल तर माल घ्यावा. हाच प्रश्न प्रवाशांबाबतही विचारावा. उरलेला सामायिक खर्च एकत्र, सामायिक म्हणूनच दाखवावा. तो कुणाच्या तरी माथी मारला नाही तर हिशेब अपुरा राहतो, अशी समजूत आपल्या लेखापद्धतीत खोल रुजली आहे.

रेल्वेत ही समजूत किती दूरवर पोहोचते ते दिसतं. २०१६ पासून रेल्वेच्या तिकिटांवर एक ओळ छापली जाऊ लागली: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वेला मिळते. कोट्यवधी प्रवाशांच्या हाती हा आकडा गेला, जणू तो वजनकाट्यावर मोजला आहे. पण ज्या रुळांवरून दिवसभर एक्सप्रेस आणि मालगाड्या दोन्ही धावतात, त्यांच्या देखभालीचा, सिग्नलचा, स्टेशन मास्तरच्या पगाराचा किती भाग प्रवाशांचा, हे कुठलाही काटा सांगत नाही. मालगाडी जड असते, रूळ जास्त झिजवते. प्रवासी गाडी वेगाने जाते, तिला मार्ग जास्त काटेकोर राखावा लागतो आणि पुढे जाण्याचा मानही तिचाच. वाटणीचा नियम बदला, ५७ चा आकडा बदलेल. प्रवासी सेवा तोट्यात आहे, याबद्दल मला शंका नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांच्या (कॅग) अहवालानुसार २०२१-२२ मध्ये हा तोटा सुमारे ६८ हजार कोटी रुपये होता आणि मालवाहतुकीचा सगळा नफा ओतूनही तो भरून निघाला नाही. माझा आक्षेप एवढाच की तिकिटावर टक्केवारी छापणाऱ्याने वाटणीचा नियमही लोकांसमोर तितक्याच ठळकपणे ठेवायला हवा.

आणि या प्रवासी खात्यात माल दडलेला आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? एक्सप्रेसच्या पुढच्या-मागच्या डब्यातून जाणारं पार्सल रेल्वेच्या हिशेबात मालवाहतुकीत धरलं जात नाही. ते ‘कोचिंग’च्या, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या, इतर उत्पन्नात मोडतं. तोच आंबा मालगाडीने गेला तर एका खात्यात, एक्सप्रेसने गेला तर दुसऱ्या.

रेल्वेचा लाडका आकडा म्हणजे परिचालन गुणोत्तर, शंभर रुपये मिळवायला किती रुपये खर्च झाले याचं माप. २०१७-१८ मध्ये ते ९८.४४ होतं. महालेखापालांनी दाखवून दिलं की एनटीपीसी आणि इरकॉन या सरकारी कंपन्यांकडून घेतलेली आगाऊ रक्कम बाजूला काढली तर ते १०२.६६ भरतं. २०१९-२० मध्ये ९८.३६ सांगितलं गेलं. निवृत्तिवेतनाचा प्रत्यक्ष खर्च धरला तर ते ११४.३५ होतं. इतक्या मोठ्या संस्थेचं यश ज्या एका संख्येवर तोलायचं, ती अशी हलते. शिवाय ती काहीही असली तरी गाडी वेळेवर आली का, माल सडला का, आडगावच्या स्टेशनावर थांबा उरला का, यातलं काहीच ती सांगत नाही.

दुसरी पद्धत उत्पन्नाऐवजी कामाची बेरीज करण्याची. एक प्रवासी एक किलोमीटर गेला की एक प्रवासी-किलोमीटर, एक टन माल एक किलोमीटर गेला की एक टन-किलोमीटर; हे दोन्ही मिळवायचे आणि एकूण ‘वाहतूक एककं’ काढायची. जगभरच्या रेल्वे ही पद्धत वापरतात. २०१८-१९ मध्ये भारतीय रेल्वेने सुमारे १,१५७ अब्ज प्रवासी-किलोमीटर आणि सुमारे ७३८ अब्ज टन-किलोमीटर वाहतूक केली. एकास एक बेरीज केली तर प्रवासी वाहतुकीचा वाटा ६१ टक्के होतो. विमान वाहतुकीत मात्र प्रवाशाचं वजन धरतात. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेच्या कार्बन गणकात सामानासह माणशी १०० किलो आणि आसन वगैरेंसाठी आणखी ५० किलो धरले जातात. त्यातले नुसते १०० किलो धरून रेल्वेचा तोच हिशेब केला, तर प्रवाशांचा वाटा १४ टक्क्यांच्याही खाली येतो. वर्ष तेच, गाड्या त्याच, माणसंही तीच. एक टन कोळसा आणि एक विद्यार्थिनी यांना एका मापात बसवायचा अट्टहास केला की असं होतं. म्हणून दोन संख्या दोनच ठेवाव्यात, असं मी म्हणतो. मंत्र्यांना एक आकडा हवा असतो आणि बातमीलाही एक आकडा सोयीचा पडतो, पण त्या सोयीसाठी माप बिघडवू नये.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वेळ आहे. २०२० च्या टाळेबंदीने, कुणी न आखलेला, एक मोठा प्रयोग करून दाखवला. प्रवासी गाड्या जवळजवळ थांबल्या आणि मालगाड्यांचा सरासरी वेग, जो आदल्या वर्षीच्या जुलैत ताशी २३ किलोमीटरच्या आसपास होता, तो ४५ च्या घरात गेला. इंजिनं तीच होती, रूळ तेच होते. म्हणजे आपली मालगाडी जो निम्मा वेळ लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, एक्सप्रेसला वाट देत उभी असते, ती प्रवासी वाहतुकीची खरी किंमत आहे आणि ती कुठल्याही खात्यात लिहिलेली नाही. दिल्लीजवळचं दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर असा १,५०६ किलोमीटरचा स्वतंत्र मालमार्ग बांधायला घेतला, त्यामागचं कारण हेच. मला तो निर्णय पटतो. मात्र स्वतंत्र मार्ग ही चैन दाट वाहतुकीच्या पट्ट्यातच परवडते. कोकण रेल्वेसारख्या, बहुतेक ठिकाणी एकेरी असलेल्या मार्गावर माणसं आणि माल यांना एकत्रच नांदावं लागणार. तिथे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक थेट रेल्वेवर चढवून नेले जातात. त्यामुळे मुंबई-गोवा महामार्गावरचे जे ट्रक कमी झाले, जे डिझेल वाचलं, जे अपघात टळले, त्यांचं श्रेय कोकण रेल्वेच्या ताळेबंदात कुठे दिसतं?

एसटीच्या बाबतीत वेळेचा हिशेब आणखी जवळचा आहे. गाडीत माल घ्यायचा म्हटलं की प्रवाशांची रास्त तक्रार येते: मधल्या वाटेत पोती, थांब्यावर खोळंबा, उतरायला जागा नाही. ही तक्रार झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. चाळीस प्रवाशांच्या गाडीत माल चढवायला सहा मिनिटं लागली तर माणसांचे मिळून चार तास गेले. यात मजुरीवर जाणारी बाई असते, परीक्षेला निघालेला मुलगा असतो. हे चार तास हिशेबात यायलाच हवेत. ते आले की उपायही सुचतात. माल फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थानकावर घ्यायचा, मधल्या थांब्यांवर नाही. तो डिकीत किंवा मागच्या बंद कप्प्यात ठेवायचा, आसनांमधल्या वाटेत अजिबात नाही. सकाळच्या गर्दीच्या फेरीला माल नको, दुपारच्या रिकाम्या फेरीला हवा. मापात वेळ आली नाही तर एखादा अधिकारी उत्पन्न वाढवण्याच्या भरात प्रवाशांना पोत्यांवर बसवेल, आणि त्याचं भारमान उत्तम दिसेल.

हंगामाचंही तसंच. शाळांसाठी धावणाऱ्या फेऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कमी केल्या जातात, कारण पास असलेली मुलं नसतात. कोकणात नेमका तोच आंब्याचा आणि काजूचा काळ. वाडीवरच्या छोट्या बागायतदाराकडे दिवसाला पाच-सात पेट्या असतात. तेवढ्यासाठी टेम्पो परवडत नाही, म्हणून तो दलालाच्या गाडीची वाट पाहतो आणि दलाल म्हणेल तो भाव घेतो. वर्षाच्या सरासरीत हे दोन महिने विरघळून जातात. फेरीचं मूल्यमापन महिन्याच्या हिशेबाने झालं तर मुलांची रिकामी जागा पेट्यांनी भरता येईल, हे निदान कुणाच्या तरी डोळ्यांपुढे येईल. देशात ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी शेतमाल नेणारी पहिली किसान रेल्वे सुटली तेव्हा किती गाड्या आणि किती टन हेच आकडे गाजले. शेतकऱ्याला हवं असतं ते वेगळं: माल ठरलेल्या तासाला, विकण्याजोग्या स्थितीत पोहोचला का?

आता पैशाचा प्रश्न. पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. त्याची भरपाई सरकार महामंडळाला देतं. म्हणजे सामाजिक कामाचे पैसे वेगळे मोजून द्यायचे, हे तत्त्व आपण मान्य केलेलंच आहे. मग तेच फेरीलाही लावा. एखाद्या वाडीला दिवसातून दोनदा गाडी असावी असं शासनाला वाटत असेल, तर शासनाने ती फेरी ठरलेल्या दराने विकत घ्यावी आणि त्या फेरीत मालातून जे मिळेल ते त्या रकमेतून वजा व्हावं. रेल्वेच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या देबरॉय समितीने २०१५ मध्ये रेल्वेबद्दल जवळपास हीच दिशा सुचवली होती: हिशेब व्यापारी पद्धतीने स्वच्छ ठेवा आणि सामाजिक सेवेचा भार सरकारने उघडपणे उचलावा.

यातला धोका मी लपवणार नाही. एकाच छताखाली अनुदानित आणि बिगर-अनुदानित काम असलं की खर्च इकडचा तिकडे सरकवण्याचा मोह होतो. स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याच्या पिवळ्या बस, पोस्टऑटो, जगात नावाजलेल्या. २०१८ मध्ये तिथे उघड झालं की कंपनीने २००७ ते २०१५ या काळात नफा हिशेबात फिरवून सरकारांकडून सुमारे ७.८ कोटी फ्रँक जादा अनुदान घेतलं होतं. प्रमुखांना पद सोडावं लागलं, पैसे परत करावे लागले. स्विस शिस्तीत हे झालं, तर आपल्याकडे होणार नाही असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. म्हणूनच वाटणीचा नियम आधी ठरवून जाहीर करायला हवा आणि वर्षाच्या मध्ये तो बदलता कामा नये.

वाहकावर आणखी कागदपत्रांचं ओझं टाकू नका, असा एक आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. त्याच्या हातातल्या तिकीट यंत्रातच पेटी, पोतं, डबा अशी ठरलेली एककं टाकता येतील. वजनकाटा लागणार नाही. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोहोचली, हे जीपीएस सांगतं. नवीन माहिती गोळा करावी लागेल ती फारच थोडी. आहे ती माहिती एका फेरीच्या नावाखाली एकत्र मांडली जात नाही, एवढीच अडचण आहे.

आणि ही फेरी नसेल तर काय होईल, हेही त्या मांडणीत यायला हवं. माणसं वडापने जातील, माल टेम्पोने जाईल, म्हणजे एका गाडीच्या जागी दोन किंवा तीन गाड्या त्याच अरुंद रस्त्यावर येतील. ज्यांना तेही परवडत नाही ती माणसं जाणारच नाहीत. त्या न झालेल्या प्रवासांची नोंद आज कुठेच होत नाही. ती ग्रामपंचायतीच्या मदतीने वर्षातून एकदा घेता येईल.

माझी मागणी मर्यादित आहे. महामंडळाने एखाद्या विभागात, सिंधुदुर्गात म्हणा किंवा नंदुरबारच्या बाजूला म्हणा, एक वर्ष हे करून पाहावं. कुठलीही फेरी बंद करण्याआधी महिनाभर आगाराच्या फलकावर तिचा तक्ता लावावा: किती प्रवासी आणि कुठवर, किती माल, किती फेऱ्या वेळेवर पोहोचल्या, प्रवाशांची किती मिनिटं खोळंबली, फेरी बंद केल्यास खरोखर टळणारा खर्च किती आणि त्यासोबत हातचं जाणारं उत्पन्न किती. सामायिक खर्च वेगळ्या रकान्यात. त्या महिन्यात गावानेही हात जोडून उभं न राहता आपली दूध संस्था, किराणा दुकानदार, औषधविक्रेता, बागायतदार यांना घेऊन आगार व्यवस्थापकांसमोर बसावं आणि दुपारच्या गाडीला रोज किती माल देऊ शकतो ते लेखी द्यावं. एवढं करूनही टळणारा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त राहिला आणि शासनही फेरी विकत घ्यायला तयार नसेल, तर ती बंद करण्याच्या निर्णयाला मी विरोध करणार नाही.